सातवी मूठ

नाना, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तुम्ही असताना तरी चिडायची सोय कुठे होती? तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत. हळू बोलायचात, आणि समोरचा आपोआप गुन्हेगार होऊन जायचा. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तुमचा उलटा जबाब यायचा नाही, म्हणून आज सगळं बोलून घेते.

तुम्ही लग्नांची शूटिंग घ्यायचात. बायकांच्या खोलीत पुरुषाने कॅमेरा घेऊन जायचं कसं, म्हणून मला हाताशी घेतलंत. पंधरा-सोळा वर्षांची मी, खांद्यावर तो धोंड्यासारखा जड कॅमेरा, आणि जिकडेतिकडे "शूटिंगवाल्याची पोर आली, पदर नीट घ्या" म्हणून हशा. तुमचा एक नियम होता, जो जळगावात दुसरा कोणी पाळत नव्हता. कॅसेट तयार झाली की ती आधी नवरीच्या आईला एकटीला दाखवायची. पिंप्राळ्यातल्या आपल्या पुढच्या खोलीत टीव्हीसमोर त्या बाईला बसवून तुम्ही स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसायचात. ती म्हणेल ते कापायचं, का म्हणून विचारायचं नाही. आई करवादायची, की यांच्यामुळे एक काम दोनदा करावं लागतं. मलाही तेव्हा तो खुळेपणा वाटायचा.

मग भडगावचं लग्न आलं. तुम्ही तापाने फणफणलेले, म्हणून कॅसेट मीच जोडली आणि कोणाला न दाखवता परस्पर पोचती केली. तिच्यात नवरीची आत्या होती. नवऱ्याने टाकलेली, म्हणून हळदीला पुढे येऊ न दिलेली. ती स्वयंपाकघरात एकटी उभी होती, वाटीतली उरलेली हळद तिने बोटावर घेतली, स्वतःच्या गालाला लावली, आणि लगेच पदराने पुसली. मी दाराआडून ते टिपलं होतं. वर एक छानसं गाणंही टाकलं, काय सांगू! त्या घरी ओसरीवर साठेक माणसं बसून कॅसेट बघत होती, आणि तो भाग आला तेव्हा आत्या उठून आत गेली. चार दिवस ती कोणाच्या पंगतीला बसली नाही, असं आपल्या कानावर आलं. ताप उतरल्या उतरल्या तुम्ही मला एसटीत बसवून भडगावला नेलंत. आत्याने आपल्या दोघांना चहा दिला आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. परत येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला दिसलं, ठीक आहे. साठ माणसांना दाखवायचा अधिकार तुला कोणी दिला?" नंतर जळगाव येईपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि मी माझ्या चपलांकडे.

आता मी माहितीपट बनवते. विषय म्हणाल तर, ज्यांच्याकडे लोक आधी टक लावून बघतात आणि मग तोंड फिरवतात, अशी माणसं. कॉलनीतल्या काकू विचारतात, "अगं, एखादा चांगला विषय नाही का मिळत तुला?" या वेळी धुळ्यातलं एक घर आहे. पाच जणी राहतात. पाचही जणी जन्माने मुलगे, आता बाया. हळदीत, वरातीत, गावजत्रेच्या स्टेजवर नाचतात. कमरेला असा झटका देतात की म्हातारे माना खाली घालतात आणि तिरक्या नजरेने बघत राहतात. लोक त्यांना नको नको ते बोलतात आणि लग्नाच्या दिवसांत दोन-दोन महिने आधी तारीख मागायला येतात. मी वर्षभर त्यांच्याकडे जात होते. त्यांच्यातली एक, चाळिशीला टेकलेली, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातली. अकरा वर्षांपूर्वी साडी नेसून घरी गेली, तेव्हा धाकट्या भावाने अंगणातूनच हाकलून लावली. भाऊबंदांत सांगून टाकलं, तो आम्हाला मेला. ती हे हसत हसत सांगते. फक्त कानबाईचा विषय निघाला की पातेली आपटायला लागते.

तुम्हाला कानबाई काय सांगायची, श्रावणात घरोघरी बसणारी आपली खानदेशी देवी. पण त्यांच्या घरची रीत ऐका. रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचे, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. मुलींची मूठ नसते. "मी ते आते बाई शे, मनी कसानी मूठ?" असं ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली, आणि मग चहात साखर टाकायची दोनदा विसरली.

मला ती रीत फिल्ममध्ये हवी होती. म्हणून मी काय केलं, तर श्रावणात तिच्या गावच्या घरी गेले आणि कानबाईच्या सणावर फिल्म करतेय म्हणून सांगितलं. धुळ्याचं नावही काढलं नाही. भाऊ खूश झाला, ताई ताई करत त्याने मला थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे तिची आई, सत्तरीची, सुपातून पाटीत गहू टाकत होती. भाऊ नावं घेत होता, आई मूठ टाकत होती. सहा नावं, सहा मुठी. मग त्याला कोणी हाक मारली म्हणून तो अंगणात गेला. मी कॅमेरा आईच्या हातांवर ठेवला होता, माझं लक्ष दाराकडे होतं. काय टिपलं गेलं ते मला तेव्हा कळलंही नाही. पिंप्राळ्यात घरी बसून जोडायला घेतलं तेव्हा दिसलं. भाऊ बाहेर गेल्यावर त्या बाईने आणखी एक मूठ टाकली. वर चिमूटभर, सव्वाची. सुपाकडे न बघता, दाराकडे बघत. मी पुन्हा मोजलं. घरात पुरुष सहा आणि मुठी सात.

ज्या संस्थेसाठी मी फिल्म करते, तिथल्या बाई म्हणाल्या, हा शॉट म्हणजेच तुझी फिल्म. खरंच होतं ते. पण त्या गावात फिल्म पोचायला आता कॅसेट लागत नाही, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. भावाने बघितलं, की ज्याला मेला म्हणून सांगितलं त्याच्या मुठीचा रोट सगळ्या भाऊबंदांनी खाल्ला, तर म्हातारीला पुन्हा त्या गव्हाला कोणी हात लावू देणार नव्हतं. आणि न दाखवावं, तर धुळ्यातली ती हे कधीच न कळता म्हातारी होणार होती. आठ दिवस मी तो शॉट फिल्ममध्ये लावत होते आणि काढत होते. आणि नवव्या दिवशी तुम्ही आलात, तुमचा तो नियम घेऊन.

शिंदखेड्याच्या बाजाराच्या दिवशी मी तिच्या आईला, मावशी म्हणते मी त्यांना, एसटी स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर गाठलं. मुलगा खताच्या दुकानात गेला होता, अर्ध्या तासात मोटरसायकलवर परत येणार होता. मी आधी खरं सांगितलं, की मी कानबाईसाठी आले नव्हते. मी फोन पुढे केला. उन्हाने दिसेना म्हणून तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून फोनवर आडोसा केला. आधी तिची लेक आली, हिरव्या साडीत, आरशासमोर, पिना दातात धरलेल्या. अकरा वर्षांनी बघत होती. मी रस्त्याकडे बघत होते, प्रत्येक मोटरसायकलच्या आवाजाला मान वळवत होते. पदराआडून आवाज आला, "चांगली दिखस." मग मुठीचा भाग आला आणि तिने फोन माझ्या हातात कोंबला.

"हाई काढी टाक," ती म्हणाली. "दर साल टाकस मी. कोनले ठाऊक नही."

मी म्हटलं, काढते. पण तुमच्या लेकीला तरी सांगू द्या, फक्त तिला एकटीला.

"तिले सांगू नको. सांगशी ते ती घर यी. आनी मनाच पोऱ्या तिले जित्ती जाऊ देवाव नही." एवढं बोलून ती उठली, मेथीची जुडी पिशवीत नीट लावत असल्यासारखं केलं, कारण मोटरसायकल आली होती. मी भावाकडे बघून हसले. त्याने विचारलं, ताई, आमची कानबाई टीव्हीवर कधी दिसणार? मी म्हटलं, बघू.

शॉट काढला. संस्थेच्या बाईंशी वाजलं, ते जाऊ द्या. काल फिल्म धुळ्यात त्या पाच जणींना दाखवली, तुमच्याच नियमाने. त्या हसल्या, एकमेकींना चिमटे काढले, दोघींनी स्वतःच्या पोटाबद्दल तक्रार केली. तिचं गाव आलं, तिचं स्वयंपाकघर आलं, भाऊ सहा नावं घेत होता. ती बघत राहिली. सगळ्या उठल्यावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "ताई, माय मनाबद्दल काही बोलनी का?"

मी नाही म्हणाले.

ती म्हणाली, बरोबर शे, कशी बोली. आणि मला चहा टाकायला गेली. तो चहा मी पूर्ण प्यायले, नाना. या वेळी ती साखर विसरली नव्हती. मला सांगा, तुमच्या नियमात याचं काय करायचं? तुम्ही ओट्यावर बसून राहायचात, आत ती बाई रडली की हसली ते तुम्हाला बघावं लागलं नाही. तुमचा नियम मी अक्षर न् अक्षर पाळला, आणि चाळीस वर्षांच्या माणसाला तोंडावर सांगून आले की तुझ्या आईला तुझी आठवण नाही. भडगावच्या आत्याबाबतचं माझं पाप मी समजू शकते. याला काय म्हणू?

आणि एक. मावशीला मी नंतर फोन करून सांगितलं की ते पुसून टाकलं. पुसलेलं नाही. वेगळं काढून कपाटात ठेवलंय, तिच्या लेकीसाठी. मनाला समजावत होते, की मावशी आहे तोवर नाही, नंतर दाखवीन. आत्ता हे तुम्हाला लिहिताना तो "नंतर" माझा मलाच नीट दिसला. मावशी ठणठणीत आहे, बाजाराला चालत जाते. आणि मी इथे बसून तिच्या मरणाची वाट बघतेय.