टाचा घासल्या, पण पाहुण्यांसाठी नाही

वहिनी,

तू सांगितलंस तसे घमेल्यात कोमट पाणी नि मीठ घालून पाय बुडवून बसले. वजरीने टाचा घासल्या, नखं कापली, भेगांत कोकमाचं तेल भरलं. पाय असे निघालेत, की माझे मलाच ओळखू येईनात!

मागच्या वेळी मला बघायला आलेल्या मुलाच्या आत्याने माझी साडी उचलून टाचा बघितल्या. ‘शेतात राबनारीच्या हायत,’ म्हणाली. तू आत जाऊन रडलीस, ते मी पाहिलं. आता पुरे. मी अंबाडीला बालवाडीच्या नोकरीची मुलाखत द्यायला चाललेय. आजच्या पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लाव. तुला तोंडघशी पाडतेय, रागावू नकोस.

तुझ्या नव्या चपला घातल्यात. दादा चिडला तर सांग, पाय तिचे होते, तीच घेऊन गेली.

तुळजा