इस्त्रीवाल्याला राग यावा म्हणून

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? (त्यांना वाकून नमस्कार सांग, तेवढ्याने खोकला थांबेल असं नाही.) मी मजेत. घर हल्ली फार मोठं वाटतं, पण ते झाडायचा कंटाळा येतो म्हणून असेल.

कळवायचं म्हणजे, मी खुनाची कथा लिहिली आहे. हसू नकोस. त्यातला माणूस मुंगीलाही न दुखावणारा, आणि शेवटी तो शेजाऱ्याच्या डोक्यात वरवंटा घालतो. गोगलगाय नि पोटात पाय. (ही म्हण लहानपणी तू माझ्यावरच वापरायचीस.) संपादकांनी कथा साभार परत केली. एवढा सालस माणूस अचानक बिथरतो कशानं, तेच म्हणे पटत नाही. म्हटलं, एखाद्या खऱ्या सालस माणसाला बिथरवूनच पाहू.

असा माणूस म्हणजे आमच्या जिन्याखालचा इस्त्रीवाला. त्याच्याकडे निळा शर्ट दिला आणि परत घेताना कॉलरवरून भांडलो. त्यानं 'बरं' म्हणून पुन्हा इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी बाहीवरून भांडलो. मग बटणापाशी सुरकुती दाखवली (ती मीच शर्ट घरी नेऊन पाडली होती). त्याचं आपलं 'बरं'च. मी टेबलापाशी हुज्जत घालत उभा, तो कपड्यांवर पाणी शिंपडतोय, मधेच त्याच्या मुलीच्या परीक्षेचं निघायचं, माझ्या दाढदुखीचं निघायचं, आणि दुपार कशी सरली ते कळायचं नाही. रागाचा मात्र पत्ता नाही. संशोधनाला वेळ लागतोच.

परवा तोच शर्ट घेऊन उतरलो, तर त्यानं हातात घेतलाच नाही. टेबलाखालून स्टूल ओढलं, फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "काका, दर वेळी शर्ट कशाला चुरगळता? घरी करमत नसेल तर नुसतं येऊन बसत जा की."

ताई, मी त्याच्यावर ओरडलो. चारचौघांत. स्टूल लाथेनं उडवलं. (अंगठा अजून ठणकतोय.) मला करमत नाही हे ठरवणारा तू कोण, असं आणि त्याहून वाईट बरंच बोललो. हात त्याच्या तापलेल्या इस्त्रीकडे गेला होता, हे फक्त तुला सांगतो. मग वर येऊन दार लावलं आणि रडलो. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या गं. त्यानं माया केली, ती सहन झाली नाही.

तेव्हा संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं आहे. प्रकृतीला जप.

तुझी,
गोगलगाय

ता. क. : कथा पुन्हा पाठवणार नाही. वाचून पाहिली, तर खुनानंतर तो माणूस आधीपेक्षा जास्तच एकटा पडतो. मलाच भीती वाटली.

ता. क. : आत्ता खिडकीतून पाहिलं. स्टुलाचा मोडका पाय त्यानं सुतळीनं बांधलाय. एक गिऱ्हाईक बसायला गेलं, त्याला उठवलं.

ता. क. : पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. भाऊजींचे जुने शर्ट असले तर पाठव, चुरगळलेले उत्तम. निळा शर्ट पुन्हा न्यायला तोंड नाही, आणि रिकाम्या हातानं जाऊन नुसतं बसायचं कसं, ते मला अजून जमत नाही.