न खेळता पहिला नंबर

ब्रॅकनथ्वेट, यॉर्कशायर
२ एप्रिल

आकडेमोडीचे महामेरू, आमचे ज्येष्ठ मेहुणे श्री. डेसमंडराव आल्डरसन यांच्या सेवेशी, त्यांच्या एकुलत्या एक बहिणीचा नवरा नॉरिस मेटकाफ याचा लवून (म्हणजे नवा गुडघा परवानगी देतो तितकाच लवून) नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत असेलच. न्यूझीलंडात माणसं आजारी पडत नाहीत, असं आपल्या प्रत्येक पत्रातून आम्हाला कळत आलं आहे. तिकडची हवा, तिकडचं दूध, तिकडचं कोकरू, सगळंच इकडच्यापेक्षा सरस. त्या मानाने आम्ही बरे आहोत. विनीची कंबर थंडीत धरली होती, आता सुटली. माझा उजवा गुडघा ऑक्टोबरात नवीन बसवला, डावा अजून मूळचाच आहे आणि दोघांचं पटत नाही. वसंत ऋतू सुरू झाला आहे, म्हणजे कालपासून गारा पडताहेत. फोन न करता पत्र का, असं आपल्या मनात येईल. कारण फोन केला की आपण 'विनीला दे' एवढंच म्हणता, आणि गेली पन्नास वर्षं मी फोन विनीला देतो आहे. पत्र फाडायचं तरी निदान फोडावं लागतं.

तीन नाताळांपूर्वी आपण केकच्या आभाराच्या कार्डासोबत चौदा पानं पाठवली होतीत, ती आठवत असतील. कसोटी खेळणाऱ्या देशांची क्रमवारी कशी लावतात, ही ती पानं. आपल्या खोऱ्यातली चार गावं आजोबांच्या काळापासून शनिवार-रविवार मिळून दोन-दोन डावांचे सामने खेळतात, आणि जो जास्त सामने जिंकेल तो पहिला, असा अडाणी हिशेब करतात, याचं आपल्याला फार वाईट वाटलं होतं. (विमा कंपनीत चाळीस वर्षं माणसं कधी मरतील ते मोजण्यात गेली की असं होणारच.) देशादेशांतली शास्त्रशुद्ध पद्धत खोऱ्यात लागू करा, असा आपला प्रेमळ सल्ला. मी खोऱ्याच्या समितीचा सचिव, आणि माझं स्वतःचं गाव त्या अडाणी हिशेबाने सलग अकरा वर्षं चौथं आलेलं. बुडत्याला काडीचा आधार. मी वाचली पानं, टाइप केली आणि मार्चच्या बैठकीत मंजूर करून घेतली. शेजारच्या हॉकरिग गावचा सचिव बॅझिल हार्कर तेवढा म्हणाला, "मला ह्यातलं काही कळलं नाही." मी म्हटलं, "म्हणूनच ते शास्त्रशुद्ध आहे."

आणि काय शास्त्र हो! कोणाला हरवलंत यावर गुण. तगड्याला हरवलंत तर थैली भरून, दुबळ्याला हरवलंत तर चिमूटभर. दुबळ्याशी तीन सामने खेळून दोन जिंकलात आणि एक हरलात, तर मालिका तुमची, पेढे तुमचे, आणि नंबर खाली! जुने सामने निम्म्या किमतीचे, त्याहून जुने गळून पडायचे, आणि हे गळणं वर्षातून एकदा, मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी. त्या दिवशी कोणी चेंडू टाकत नाही, कोणी बॅट उचलत नाही, तरी कोणी वर चढतो, कोणी खाली घसरतो. लग्नालाही ही पद्धत लावावी, असं मी विनीला सुचवलं. पहिल्या वर्षांचे माझे अपराध एव्हाना गळून पडले असते. विनी म्हणाली, तुझे निम्मे केले तरी पुरतात.

पहिल्या हंगामात दैव फळफळलं. हॉकरिगचे दोन्ही जलद गोलंदाज बहिणीच्या लग्नाला गेले असताना आम्ही हॉकरिगला हरवलं, म्हणजे खोऱ्यातल्या सर्वांत तगड्या संघाला. दोन सामने पावसात वाहून गेले, ते अनिर्णित धरले, आणि चांगल्या संघाशी बरोबरी म्हणजे आम्हाला बढतीच. मग मे महिना आला, आमचे अकरा वर्षांचे मार खाल्लेले सामने एकेक करून गळले, आणि त्या सोमवारी सकाळी पबच्या दारावर मी स्वतःच्या हाताने यादी लावली. एक, ब्रॅकनथ्वेट. सिरिल आयव्हसन, आमचा कप्तान, दूध घालता घालता थांबला आणि ती यादी तीनदा वाचून रडला. साठ गाईंचा मालक, सहा फूट दोन इंच, आणि ढसाढसा रडला. मीही रडलो असतो, पण सचिवाला ते शोभत नाही.

इथून पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार आहे असं विनीचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, आपणही आहात. कारण आपल्याच सहाव्या पानावर, आपल्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं की न खेळणाऱ्या संघाचे गुण कमी होत नाहीत. डेसमंडराव, असं वाक्य कोणी यॉर्कशायरच्या माणसाला लिहून पाठवतं का? मी सिरिलला समजावलं की खेळलो तर घसरू, जिंकलो तरी घसरू, तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. सिरिल म्हणाला, "पहिला नंबर आलाय ना? मग बॅट काढायचीच कशाला?" असा समजूतदार कप्तान शोधून सापडायचा नाही.

मग आम्ही एक अख्खा उन्हाळा क्रिकेट न खेळता काढला, आणि सांगतो, खेळण्यापेक्षा ते मेहनतीचं आहे. बाहेरच्या गावी जायचं असलं की सिरिलची गाडी बंद पडायची. घरच्या सामन्याला मी पहाटे जाऊन नळीने खेळपट्टीचं तळं करायचो. पण जुलैत तीन आठवडे पाऊस नाही, नद्या आटल्या, आणि आमची तेवढी खेळपट्टी ओली, हे बॅझिलच्या डोळ्यांवर यायला लागलं. म्हणून मी टिटवी आणली. खरी नव्हे. टिटवीने मैदानात अंडी घातली की कायद्याने तिकडे पाऊल टाकता येत नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. १९६८ साली खऱ्या टिटवीमुळे आपला सामना गेला होता आणि आपण त्या पक्ष्याबद्दल जे बोलला होतात ते गावात अजून सांगतात. मी विनीच्या खुराड्यातली चार लहान अंडी घेतली, चहाच्या पाण्याने आणि काळ्या बूटपॉलिशने टिपके दिले, आणि बरोबर गुड लेंग्थवर मांडून भोवती दोरी लावली. शनिवारी हॉकरिगचे अकरा जण पांढऱ्या कपड्यांत टोप्या काढून दोरीबाहेर उभे. बॅझिलने दुर्बीण आणलेली. आणि तेवढ्यात विनीची तांबडी कोंबडी कुंपणाखालून आली, सरळ खेळपट्टीवर चालत गेली, आपली अंडी ओळखली आणि ऐसपैस बसली. बॅझिलने दुर्बीण माझ्या हातात दिली. म्हणाला, "नॉरिस, टिटवी कुटकुट कधीपासून करायला लागली?"

मी म्हटलं, हवामान बदलतंय.

तो सामनाही झाला नाही, कारण हसून हसून हॉकरिगच्या यष्टिरक्षकाची पाठ भरली. पण पहिला नंबर आमचाच राहिला. नुकसान एवढंच की खेळायला मिळत नाही म्हणून आमचे दोघे गोल्फला गेले, एक लग्न करून लीड्सला गेला, आणि एक (नाव घेत नाही, विनीचा मावसभाऊ आहे) चक्क हॉकरिगला जाऊन मिळाला.

आता चौदावं पान. आपल्या चौदा पानांतली तेरा मी वाचली होती. चौदावं विनीने केकच्या डब्यात तळाशी घातलं होतं. (तो डबा म्हणजे आपल्या आईचा, वर राणीचं चित्र असलेला. त्याच्या तळाला कागद लागतोच.) गेल्या मंगळवारी नाताळच्या केकचा शेवटचा तुकडा चीजबरोबर खाल्ला आणि डब्याच्या तळातून आपलं अक्षर माझ्याकडे बघायला लागलं. तुपाच्या डागातूनही स्पष्ट वाचता येत होतं की मुदतीत किमान आठ सामने न खेळलेल्या संघाचं नाव यादीतून काढून टाकावं. शेवटचं नाही, डेसमंडराव. काढूनच. बैठकीत मी वाचून दाखवली तेरा पानं आणि मंजूर झाली चौदा, कारण पानं आली त्याच दिवशी, विनीने चौदावं उचलण्याआधी, बॅझिलला मी सबंध संचाची छायाप्रत न वाचताच काढून दिली होती, आणि तो मेला शेवटपासून वाचतो. येत्या मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी आमचे जुने सामने गळणार. उरणार सात.

यात हसण्यासारखं काही नाही, हे आपल्याला सांगायला नको. वाड्यावरच्या कर्नलने क्लबला मैदान दिलं त्या कागदात काय लिहिलंय ते आपल्याला लहानपणी पाठ होतं. खोऱ्याच्या तक्त्यात ब्रॅकनथ्वेटचं नाव आहे तोवर मैदान क्लबचं, नाव गेलं की जमीन परत वाड्याकडे. अकरा वर्षं शेवटचे आलो, पण नाव होतं! कर्नलचा नातू बुधवारी येऊन मैदान पावलांनी मोजून गेला. तिथे कॅरव्हॅनचा तळ करणार आहे. चौतीस कॅरव्हॅन, आणि पॅव्हेलियनच्या टोकाला संडास. पॅव्हेलियनच्या टोकाला कोण आहे ते आपण जाणता. आपण फुलं पाठवली होतीत, येता आलं नव्हतं. सासऱ्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख मी आणि विनीने पंच उभा राहतो त्या जागी मिसळली आणि वरून त्यांचाच रोलर फिरवला. मी हे सगळं विनीला सांगितलं. ती गारांमध्ये बाहेर गेली आणि रोलर पुसायला लागली. माझी फार लाज वाटली मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

उपाय एकच. एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी हॉकरिगशी घरचा सामना आहे. तो आठवा. जिंकायचा नाही, वाचवायचाही नाही, नुसता खेळायचा. डावाने हरलो तरी चालेल, आणि डावानेच हरू. बॅझिलला मी हात जोडले. तो म्हणाला, येतो, पण दोन्हीकडे अकरा असले पाहिजेत, नाहीतर सामना धरणार नाही, आणि कोंबडी बांधून ठेव. सगळी जमवाजमव करून, मला आणि माझे दोन गुडघे धरून, आम्ही दहा आहोत.

असो. आपल्या शास्त्राने आमच्या गावाचं असं कल्याण केलं, ते आपल्या कानावर घालावं म्हणून हा पत्रप्रपंच. दुसरा काहीही हेतू नाही. तिकडच्या कोकरांना आमचा आशीर्वाद.

आपला, यादीत पहिला,
नॉरिस

ता. क. गावात जन्मलेला माणूस कुठेही राहत असला तरी गावाकडून खेळू शकतो, हा नियम सासऱ्यांनीच घातला होता. सहज आठवलं म्हणून लिहिलं. आपली पांढरी विजार विनीने डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली आहे. कमरेला चार बोटं सैल करून घेता येईल, असं तिचं मत. (माझं मत आठ.) विमान सामन्याआधीच्या शुक्रवारपर्यंत मँचेस्टरला उतरायला हवं. मी न्यायला येईन. सिरिलची गाडी आता बंद पडत नाही.

दुसरा ता. क. विनी मागे उभी राहून वाचते आहे. ती म्हणते, टोमणे पुरे झाले, मुद्द्याचं लिही. मी म्हटलं, मुद्द्याचं लिहिलंय. ती म्हणते, नाही लिहिलेलं, आणि चहा ठेवायला गेली.

तिसरा ता. क. डेस, १९७४. हॉकरिग. तू सत्त्याण्णववर होतास आणि मी अकरावर. पबमध्ये, चर्चमध्ये, तुझ्या बहिणीसमोर, पन्नास वर्षं मी सांगत आलो की मी 'येस' म्हटलंच नाही, तू उगाच धावलास. पंच तुझा बाप होता; तू धावचीत म्हणून त्यांनी बोट वर केलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, आणि पुढच्या मार्चमध्ये तू बोटीत बसलास. 'येस' मीच म्हटलं होतं रे. मग चेंडू बघितला, घाबरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. हे काही गळून पडलं नाही आणि निम्मंही झालं नाही.

सलामीला तुझं आणि माझं नाव लिहिलं आहे. या वेळी हाक तू दे. मी धावेन.