वाळुंजाच्या बाटलीवरचा श्लोक

रत्नागिरी,
४ जुलै २०२४

चि. सदूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तूच बोलतोस, म्हणून पत्र. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाची साल उकळून तू सांधेदुखीचा काढा विकणार आणि लेबलासाठी तुला, माझ्या धाकट्या भावाला, माझ्याकडून ‘प्राचीन’ श्लोक हवा. किती प्राचीन? मंगळवारपर्यंत चालेल ना? संस्कृत शिकवून माझे केस गेले, पण ऋषी होण्याइतकी दाढी अजून आलेली नाही.

सालीत गुण आहे, नाही कोण म्हणतो? तिच्यातलं सॅलिसिन म्हणजे ॲस्पिरिनचं थोरलं भावंड. पण लेबलावर ‘रसायनविरहित, अपायरहित’ हे कुणाच्या डोक्यातून निघालं? काजूच्या टरफलाचं तेलही नैसर्गिकच, लाव ओठाला आणि फोड मोज.

आईची तब्येत कळव. लोभ आहे तेवढा पुरे, अक्कल वाढावी ही विनंती.

अण्णा

देवरूख,
११ जुलै

ती. अण्णांस सदूचा शि. सा. नमस्कार.

थट्टा पोचली. बायकोला वाचून दाखवली तर ती हसली, घरातच फितुरी! पण पुरावाही घरातच आहे. आई सकाळ-संध्याकाळ पेलाभर काढा घेते आणि जिना चढून माडीवर जाते. हृदयासाठीची रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे, मी काही अडाणी नाही. हातांवर निळे डाग उठतात, दात घासताना रक्त येतं, उष्णता असेल. श्लोक तेवढा पाठवा.

कृपा असावी, जिभेची धार जरा कमी असावी.

सदू

रत्नागिरी,
२० जुलै

चि. सदूस,

तुझं पत्र अर्धं वाचून फोनवर जे बोललो, ते मागे घेत नाही. आईला लगेच दवाखान्यात नेलंस, एवढंच शहाणपण. गोळी ॲस्पिरिनची, वर तुझा काढा त्याच जातीचा. पोटात रक्तस्राव व्हायचा राहिला, असं डॉक्टरच म्हणाले ना? उष्णता म्हणे! ज्या ऋषींच्या नावावर तू बाटली खपवणार होतास, त्यांनी निदान विचारलं असतं, बाई, आणखी काय घेतेस?

घे श्लोक, ताजा आहे:

हृद्रोगगुटिकासेवी न पिबेद्वल्कजं जलम् ।

हृदयविकाराची गोळी घेणाऱ्याने सालीचा काढा पिऊ नये. हा अर्थ मोठ्या अक्षरांत छाप. संस्कृत दिसलं की लोक हात जोडतात, वाचत नाहीत.

आईला नमस्कार. तुझे आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत.

अण्णा

देवरूख,
२ ऑगस्ट

ती. अण्णांस सा. न.

आईचे डाग गेले. लेबल छापलं, अर्थासकट. शेजारच्या रावजींनी वाचून बाटली खाली ठेवली. छातीची गोळी त्यांनाही आहे. आधी राग आला. मग आठवलं, गेल्या महिन्यात मीच आग्रहाने त्यांना बाटली दिली होती. त्यांच्या घरी जाऊन उरलेली ओतून आलो.

आई आता जिन्याखालीच बसते. तिचा निरोप: श्लोक गोड आहे, पण गुडघ्यावर चोळून पाहिला, ठणका जात नाही. अण्णाला म्हणावं, येताना शेकायची पिशवी आण.

राखून ठेवलेले आशीर्वादही आणावेत.

सदू