आखूड दोऱ्याचा फोटो

आबा, तुमच्या धाकल्या भावाची, तात्याची, मला अजून शिसारी येती, आन त्याच्याहून जास्त माझी मलाच. तुमाला जाऊन किती वर्सं झाली, तरी जर्मलचं ताट दिसलं की घास खाली उतरत न्हाई.

एकाहत्तर-बाहत्तर साल आसंल. तुमची डाव्या बरगडीखालची पानथरी सुजून पोट नगाऱ्यागत झालेलं. पुण्याच्या दवाखान्यात कमरंच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला, तवा तुमी वरडला न्हाई, नुसता माझा हात आवळला. महिन्यानं कागद आनायला मी एकलाच गेल्तो. तरन्या डॉक्टरनं फोटो दावला. काळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे, जोडीजोडीनं चिकटवलेले. तुमच्या मगजातलीच गुनसूत्रं म्हने. त्यातला एक कुनी कातरल्यागत आखूड, तीच रक्ताच्या कॅन्सरची खून. त्यानं मला तीनदा बजावलं, “हे आईबापाकडून आलेलं नाही. मोठेपणीच कधीतरी त्यांच्या मज्जेत बिघडलंय. पोरांना जाणार नाही. घरी नीट सांग.” मी व्हय म्हनलो. पुणतांब्याच्या ठेसनावर उतरूस्तवर ते समदं ध्यानात हुतं.

घरी येऊन बघतो तर तुमी गोठ्याच्या कडंला जेवताय, जर्मलच्या ताटात. ताटाच्या काठावर शेनाचा शिंतोडा, आन तुमी त्यो बोटानं पुसून भाकरी मोडताय. तात्यानं तुमचं ताट-तांब्या वेगळा काढलेला, कारन त्याच्या पोरीला बघायला पाव्हनं येनार हुतं. वर मलाच इचारतो, काय निघालं रं? कागद इंग्रजीत, वाचनारं घरात कोन न्हाई. मला सातवीतनं हाकललेलं, पन सोंगाला कुटं शाळा लागती? मी तोंड पाडून म्हनलो, “तात्या, आज्ज्यापासनं आलंय. तुमच्यातबी हाय. पोरींत उतरतंय.” तात्या पांढराफटक. रोज सकाळी उठून आपलंच पोट चाचपायचा आन मी कडब्याच्या गंजीमागं हसून लोळायचो. चार दिस पिळून मग सांगू, थट्टा हुती, आसं ठरवलेलं.

तेवढ्यात त्या भित्र्यानं भावकीत उठवून दिलं, रोग थोरल्याच्या घरात हाय, आमच्यात न्हाई. माझ्या थोरल्या भैनीची, आक्काची, सुपारी फुटलेली, राहात्याचे पाव्हने येऊन सोयरीक मोडून गेले. तात्या त्यांना चा पाजत हुता.

त्या दिवशी तुमी जेवला न्हाई. मला जवळ बसवून इचारलं, “म्या पोरांत घान सोडली व्हय रं?” मी समदं खरं सांगितलं, आईची शपथ घेतली. तुमी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. “लहानपनापासनं थापा मारतोस. आता माझ्यासाठी मारतोयस.” मग म्हनला, डॉक्टरला घेऊन ये, न्हाईतर दोन वळी मराठीत लिहून आन, त्याचं मानीन.

मी गेलो. सांजंला येऊन म्हनलो, डॉक्टर रजेवर हाय. पंधरा दिसांनी तुमी गेला, त्येच मनात घेऊन.

आक्काचं लगीन पुढं झालं. चार पोरं हायत, धडधाकट. तिला मी कधी काय बोललो न्हाई. त्यो फोटो अजून माझ्या ट्रंकंत हाय, त्याच्याखालीच ह्यो तुमाला लिवलेला कागद सारनार.

आबा, डॉक्टर रजेवर न्हवता. मी पुण्याला गेलोच न्हाई. मी काय करून ठेवलंय ते त्याला सांगायची लाज वाटली, म्हनून दौंडला उतरलो, भजी खाल्ली आन माघारी आलो.