अमावास्येचा गिलास

बाबा, आपल्या घरात दारू कोण पितं? परळच्या जनावरांच्या इस्पितळात डॉक्टरांनी मला हे विचारलं, त्याला आता महिना झाला. तेव्हा मी म्हटलं, कोणी नाही. आज सगळं कळल्यावर तसं म्हणता येत नाही. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. खोलीत आई आणि मी, आणि दाराबाहेर गॅलरीत तुमचा कुत्रा, गडी. तुम्ही त्याला गडी म्हणायचात म्हणून सगळी चाळ अजून त्याला गडीच म्हणते. तो आता बारा वर्षांचा आहे. त्याच्यासाठीच मी इस्पितळात गेले होते.

त्या दिवशी रविवार होता, आदल्या दिवशी अमावास्या झालेली. सकाळी दार उघडलं तर गडी गॅलरीच्या टोकाला भिंतीला कपाळ टेकून उभा होता. झोपलेला नाही, बसलेला नाही, नुसता उभा, जसा वर्गात मुलाला शिक्षा म्हणून उभं करतात तसा. हाक मारली तर कान हलला, पण तो वळला नाही. पायाशी उलटी पडलेली होती. मी त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. ओठ उचलून पाहिला तर हिरड्यासुद्धा पिवळ्या. बरगड्या मोजता येतील असा वाळलेला, आणि पोट मात्र फुगलेलं. मी रोज त्याच्या अंगावरून शाळेत जाते-येते. हे एका दिवसात झालेलं नव्हतं, आणि मला दिसलं नव्हतं.

आई लालबागच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं खुडायला गेली होती. मी गड्याला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि टॅक्सी थांबवली. टॅक्सीवाला म्हणाला, "सीटवर नाय हां ताई." म्हणून मी खाली पायाशी बसले आणि तो माझ्या मांडीवर. वाटेत त्याने पुन्हा उलटी केली, ती चादरीतच राहिली. डॉक्टरांनी आधी पोट दाबून पाहिलं, मग ती चादर नाकाजवळ नेली आणि माझ्याकडे बघितलं.

"घरात पितं कोण?"

"कोणी नाही. आम्ही दोघीच असतो, आई आणि मी."

"मग हा स्वतः जातो का गुत्त्यावर? वास घ्या."

मी वास घेतला. बाबा, तो वास मी दहा वर्षांनंतर ओळखला. तुमच्या सदऱ्याचा वास. 

त्यांनी रक्त काढलं, पोटातलं पाणी सुईने काढलं, आणि दोन तासांनी सांगितलं की यकृत बऱ्यापैकी निकामी झालंय. दारूमुळेच का, हे नक्की सांगता येत नाही, वय आहे, दुसरी कारणंही असतील. पण दारू थांबली नाही तर महिना काढणार नाही. भिंतीला डोकं का लावतो, हेही त्यांनी समजावलं. यकृत जे विष गाळून टाकतं ते आता गाळलं जात नाही, ते डोक्यात जातं, आणि जनावराला आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मी चिंचपोकळीच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि खाली रेघ मारते. आणि मी त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसून मठ्ठ मुलीसारखी डॉक्टरांचं ऐकत होते.

कारण मला तुम्ही दिसत होता. गिरणीच्या संपाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचात. मी जेवायला हाक मारली की मला आत्याच्या नावाने हाक मारायचात. मी तेव्हा शाळेत होते, आणि मला वाटायचं, तुम्हाला आमची तोंडं बघायची नाहीत. घरात काही आणता येत नाही याचा राग तुम्ही आमच्यावर काढताय, असं मी धरून बसले होते. चाळीतल्या बायका म्हणायच्या अशक्तपणा आलाय, आणि शेजारच्या काकांनी कलेजी आणून दिली होती, कलेजीने कलेजं सुधारतं म्हणून. आईने ती तिखट-मीठ घालून परतली आणि मी तुम्हाला भरवली. तुम्ही दोन घास खाल्लेत आणि विचारलंत, "तू कोणाची गं?" मी ताट आपटलं आणि बाहेर गेले. दहा वर्षं मी त्या प्रश्नाचा राग धरून होते, आणि एका कुत्र्याच्या डॉक्टरने मला सांगितलं की तो प्रश्न तुम्ही विचारलाच नव्हता, तो तुमच्या आजाराने विचारला होता.

घरी आल्यावर मी सरळ काकांच्या खोलीत गेले. गिरणीत तुमच्याच खात्यातले ते काका, आता सोसायटीत वॉचमन आहेत आणि अजूनही घेतात. मला वाटलं, यांचंच काम. मी दारातूनच म्हटलं, "मुक्या जनावराला पाजता? लाज नाही वाटत?"

ते भाकरी मोडत होते. हात तसाच राहिला. "कोण पाजतंय? अगं ए मास्तरीणबाई, मला माझीच पुरत नाय, कुत्र्याला कुठनं पाजू?"

"मग त्याच्या तोंडाला वास कसला?"

त्यांनी भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाले, "बस जरा. आणून मीच देतो, खोटं नाय बोलणार. पण ती त्याच्यासाठी नाय. तुझ्या बापासाठी."

अमावास्येला आई तुमच्यासाठी पान वाढते, हे मला माहीत होतं. भात, सुक्या बांगड्याचं तिखलं, कधी कोंबडी, एक विडी. दुपारी वाढते, तेव्हा मी शाळेत असते. मी शिकवायला लागल्यावर एकदोनदा तिला म्हटलं होतं की मेलेलं माणूस जेवत नाही, तेव्हा तिने "तू तुझ्या शाळेत जा" एवढंच उत्तर दिलं, आणि मी तो विषय सोडला. पानाशेजारी गिलासही असतो हे तिने माझ्यापासून लपवलं, कारण मी चाळीतल्या महिला मंडळात दारूवर भाषणं करते. दहा वर्षं लपवलं. खालून वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक, फक्त मला नाही.

आईला विचारलं तेव्हा ती मिरचीने जळजळणारे हात तेल लावून चोळत होती. ती रडली नाही, चिडलीही नाही. हिशेबाने सांगावं तसं तिने सांगितलं. "कावळो भाताक शिवता, गिलासाक तोंड लावणा नाय. मगे तेंचो वाटो काय मोरीत वतू? पयल्या वर्सा गडी इलो नि चाटून गेलो. माका वाटला, पावला तेंका."

"पण आई, वर्षातून बारा वेळा तेवढ्याने एवढं होत नाही."

ती तेल चोळत राहिली. मग म्हणाली की गेल्या दोन वर्षांपासून ती बुधवारीही ठेवते, मी शाळेत असताना, कधी मधल्या वारीही, भातात कालवून. का, तर गडी ती प्यायला की तिच्या पायाशी येऊन बसतो आणि तोंडाकडे बघत राहतो. "तसोच बघता," ती म्हणाली. "तेंच्यासारखो."

  मी तिला एवढंच सांगितलं की गड्याला आता भात, पाणी, औषध सगळं मी देईन, दुसऱ्या कुणी काही द्यायचं नाही. त्याच्या आजाराचं कारण डॉक्टरांनी काय सांगितलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, वय झालंय. तिला कळलं असेल, पण तिने पुढे विचारलं नाही.

तेव्हापासून माझा दिवस त्याच्या पोटाने चालतो. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. मीठ नाही, तेल नाही, सुकी मासळी नाही, मटण नाही. मऊ तांदळाची पेज, तीत लिंबू पिळून फाडलेल्या दुधाचं पाणी काढून केलेलं पनीर, कधी उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. गोडसर पातळ औषध सुई काढलेल्या पिचकारीने गालात सोडायचं, म्हणजे पोट साफ राहतं आणि विष डोक्यात चढत नाही. पहिले तीन दिवस त्याने पेजेकडे बघितलंसुद्धा नाही. मालवणी घरात वाढलेला कुत्रा, बांगड्याच्या डोक्यावर पोसलेला, त्याच्यापुढे बिनमिठाची पेज. चौथ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत चिंचपोकळीहून धावत आले आणि बोटाला लावून चाटवायला लागले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमच्या नातवाला पण एवढं कोणी भरवलं नाय गं." त्या दिवशी त्याने चार बोटं चाटली आणि मी खडूने भरलेल्या साडीनिशी गॅलरीत बसून राहिले. शाळेत दहा मिनिटं उशीर झाला. मुख्याध्यापिकांना काय कारण सांगणार?

भरवताना मला तो दिवस आठवतो. संप सुरू होऊन चार महिने झालेत. तुम्ही गेटसभेहून येता आणि डब्याच्या थैलीतून हे पिल्लू बाहेर काढता. आई कपाळाला हात लावते: "हय माणसांक नाय, नि तुमी कुत्रो हाडलास." तुम्ही ताटावर बसता, अर्धी भाकरी असते, तिचा अर्धा तुकडा दुधाच्या थेंबात भिजवून त्याला देता. मी म्हणते, "बाबा, तो आपला नाही. तुम्ही उपाशी राहाल." तुम्ही माझ्याकडे असे बघता की मी मागे सरकते. "संपावर मी गेलोय," तुम्ही म्हणता. "तो नाय गेला." तुमचं मला उद्देशून हे एकच वाक्य असं आहे, जे मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. बाकीची सगळी त्या वासाखाली गेली.

अमावास्या जवळ आली तशी आई अस्वस्थ झाली. गड्याला नको द्यायला, हे तिला पटलं होतं. पण तुमचं काय? मी दोन दिवस तिला समजावलं. शाळेतून यकृताचा तक्ता आणून भिंतीला लावला, काठीने दाखवलं. ती शेवटच्या बाकावरच्या मुलीसारखी मान हलवत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "ता सगळा खरा गे. पण तेंचा इतक्या वर्सांचा मी कसा बंद करू? तेनी सांगूक नाय माका." त्या दिवशी काकांच्या खोलीत बाटली येऊन पडली होती, मी बघितली.

मग परवा सकाळी ती कामावर निघाली असताना मी तिला म्हटलं, "आई, बाबा आले होते स्वप्नात."

तिने पायात सरकवलेली चप्पल परत काढली. "काय म्हणत होते?"

"म्हणाले, मी सोडली. आईला सांग, गिलासात चहा ठेव."

"खरांच सोडल्यानी?"

"हो."

"दिसत कशे होते?"

"चांगले दिसत होते. डोळे पांढरेशुभ्र होते."

ती उंबऱ्यातच बसली. मला वाटलं ती रडेल, किंवा हात जोडेल. तिने पदराने फक्त नाक पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दहा वर्सां पान मी वाढतंय, नि सांगूक तुझ्याकडे इले. माझ्या सपनात नाय इले ते. एकदाव नाय." आणि चप्पल न घालता निघून गेली.

काकांना मी जाऊन सांगितलं की यापुढे आणायची नाही. ते म्हणाले, "बरं झालं. सुटला बिचारा." आणि दार लोटता लोटता, "मी नाय सुटायचो." काल शाळेत रजा टाकून मी घरी थांबले आणि आईबरोबर तुमचं पान वाढलं. भात, तिखलं, विडी आणि दूध घातलेला चहा. कावळा भाताला शिवला. चहा आईने उभ्या उभ्या पिऊन टाकला. गड्याने त्याच्या पेजेतली अर्धी वाटी खाल्ली, तीही माझ्या बोटाने नाही, वाटीतून. डोळ्यांचा पिवळेपणा थोडा उतरलाय. डॉक्टर म्हणतात, काही महिने मिळतील, कदाचित.

आई आत्ता माझ्यासमोर बसून मिरच्या निवडतेय आणि कालपासून माझ्याशी नीट बोलत नाहीये. मघाशी विचारलं, "काय लिवतंस?" मी म्हटलं, शाळेचं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी हे तिच्यासमोर लिहू शकते, आणि हे पत्र टाकण्यासारखी पेटी कुठे नाही. विज्ञान शिकवणारी मुलगी मी, आयुष्यात पहिल्यांदा आईशी इतकं सरळ खोटं बोलले. तुम्ही होता तेव्हा 'सोडा' असं तुम्हाला एकदाही म्हटलं नाही, आणि आता तुम्हाला न विचारता सोडायला लावली. बाबा, तुम्ही माझ्या स्वप्नात कधीच आलेला नाहीत. आलात, तर आधी तिच्याकडे जा.