पसंती क्रमांक एक

धरणगाव,
३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. दिपमालास,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. आबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. आता पेपर स्वतः वाचतात आणि आईला मोठ्याने ऐकवतात, तिला नको असलं तरी. कपाशी गुडघ्याला लागली. तुझ्या सासूबाईंचा खोकला थांबला का?

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मी विषय बदलतो.

दुकानात सध्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची गर्दी आहे. सीईटीचा निकाल लागला की तालुक्यातली पोरं कॉलेजांचे पसंतीक्रम भरायला माझ्याकडेच येतात. क्रम लावणं हेच खरं काम. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ते पक्कं होतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. पोरांना हे मी दहा वेळा समजावतो.

परवा गिरधरभाऊ त्यांच्या ज्योतीला घेऊन आले. पोरीला सत्त्याण्णव पर्सेंटाइल. तिने पुण्याची चार कॉलेजं वर लिहून आणली होती, जळगावचं सगळ्यात खाली. ती झेरॉक्स काढायला समोर गेली, तेवढ्यात गिरधरभाऊ टेबलावर वाकले. "नवलभाऊ, पुनं खाले टाक, जयगाव वर कर. तिले काय समजस?"

माझा हात माउसवर होता.

दिपू, २०१९ साली तुझा फॉर्म मीच भरला होता. पासवर्ड माझ्या वहीत, ओटीपी माझ्या मोबाइलवर. तू पुण्याचं कॉलेज पहिलं सांगितलं होतंस. मी जळगावचं पहिलं टाकलं. यादी लागली तेव्हा तुला म्हणालो, "थोडक्यात हुकलं." तू मोरीत जाऊन तोंड धुऊन आलीस आणि जळगावला कधी जायचं एवढंच विचारलंस. जागावाटपाच्या कागदावर 'पसंती क्रमांक १' असं छापलेलं होतं. म्हणून तो कागद तुझ्या हातात दिला नाही. कॉलेजात मीच जमा केला.

तुला ९८.३१ होते. पुण्याची यादी ९७.९ ला थांबली. हुकलं काहीच नव्हतं.

आबांनी तसं करायला सांगितलं असेल, असं तुझ्या मनात येईल. नाही. आबांनी पुण्याच्या होस्टेलची चौकशीसुद्धा केली होती. आईचे गुडघे, घरात दुसरं बाईमाणूस नाही, ही कारणं मी नंतर जमवली. खरं कारण लहान आहे. मी दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा साठीच्या पुढे गेलो नाही, आणि हे दुकान टाकलं. तू पुण्याला गेली असतीस तर गावात रोज मला कोणीतरी विचारलं असतं, बहीण काय करते.

हे मी असंच पोटात ठेवलं असतं. पण गेल्या दिवाळीला धुळ्याला तुझ्याकडे आलो, तेव्हा बाहेरच्या खोलीत तुझी शिकवणी चालू होती. तू पोरांना सांगत होतीस, "मी एवढ्याशानं पुणं घालवलं. माझ्यासारखा आळस करू नका." मी आत चहा पीत होतो. कप खाली ठेवला आणि पाच वाजताची बस आहे म्हणून निघालो. पाचची बस नव्हती.

ज्योती परत आली तेव्हा गिरधरभाऊंना सरळ नकार दिला, म्हणालो, "भाऊ, हाई मन्हाकडथीन व्हवाव नही." पोरीला खुर्चीवर बसवलं, तिचा स्वतःचा मोबाइल नंबर टाकला, पासवर्ड तिलाच ठरवायला लावला. मी पाठ फिरवून उभा राहिलो. गिरधरभाऊ निघून गेले. संध्याकाळी चौकात त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

याने तुझं काही भरून येत नाही, हे मला कळतं. माफी मागत नाही. ती मागितली की तू देशील, आणि मग मी मोकळा होईन. आबांना मी अजून सांगितलेलं नाही. तू म्हणशील तर सांगेन, तुझ्यासमोर.

फक्त त्या पोरांना पुन्हा तसं सांगू नकोस. तू आळस केला नव्हतास.

शनिवारी राखी आहे. दरवर्षी न विचारता येतो, यंदा तसा येणार नाही. बोलावलंस तर सकाळच्या बसने येईन.

'तुझा भाऊ' लिहायला हात धजावत नाही.

नवल